मेलेल्या सासूच्या नावावर सातवा महिना

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "सिस्टर, नोकरीतले गमतीदार प्रसंग लिहा." मी बराच विचार केला. गमतीदार म्हणावा असा एकच प्रसंग आठवला. दोन वर्षांपूर्वी मेलेली, पासष्टी ओलांडलेली एक बाई सात महिन्यांची पोटुशी असल्याचं मी कागदोपत्री पाहिलं आहे. सांगितलं की लोक हसतात. मला मात्र अजूनही हसू येत नाही, अंगाचा तिळपापड होतो.

निपाणीत विडी कामगारांसाठी एक छोटा सरकारी दवाखाना होता, तिथं मी नर्स होते. दोन खोल्या, एक कपाट, एक तपासायचं टेबल. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस मीच. माझी आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर काम करायची. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी तिला कळा वखारीतच सुरू झाल्या होत्या. ती पाळी पुरी करून घरी आली, तासाभरात बाळंत झाली आणि आठव्या दिवशी पुन्हा चाळणीवर उभी राहिली. तेव्हा मी दहा वर्षांची होते. बेळगावला जाऊन नर्सिंग शिकायचं मी त्याच आठवड्यात ठरवलं असं म्हटलं तर ते पुस्तकी वाटेल, पण ते खरं आहे.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. विडी कारखान्यात वळली जात नाही, ती बाईच्या मांडीवर वळली जाते. ठेकेदार सकाळी पान, तंबाखू आणि दोरा मापून देतो. बाई घरी नेते, पानं भिजवते, साच्यावर कापते, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळते आणि दुसऱ्या दिवशी पंचवीस-पंचवीस विड्यांचे कट्टे बांधून ठेकेदाराकडं आणून देते. तिथं चेकर बसलेला असतो. तो कट्टे बघतो आणि त्याला पसंत न पडलेल्या विड्या मोडून टाकतो. त्याला 'छाट' म्हणतात. छाट झालेल्या विडीची मजुरी नाही.

आता कायदा. आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर तो कन्नडमध्ये आणि इंग्रजीत टांगलेला होता. ज्या बायकांसाठी होता त्यांना त्यातली एकही लिपी येत नव्हती, म्हणून मीच तोंडी सांगायची. बाळंतपणाच्या आधीच्या वर्षात एकशेसाठ दिवस काम केलं असेल, तर आधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे घरी बसायचं, मजुरी मालकानं द्यायची. घरी विड्या वळणारीलाही तो लागू होता. शिवाय मालकाची सही असलेलं ओळखपत्र दाखवलं की आमच्याकडं तपासणी, औषध, आणि अवघड बाळंतपण असेल तर बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात खाट आणि जाण्यायेण्याची सोय. मी हे सांगितलं की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुमी लई गोड बोलतासा. पर आमचं नाव कुटं हाय?"

सगळी गोम त्या नावातच होती. ठेकेदार नवीन बाईचं नाव रजिस्टरात घालायचेच नाहीत. एकीच्या नावावर घरातल्या तिघी वळायच्या. कुणी नवऱ्याच्या नावावर, कुणी थोरल्या जावेच्या. एक पोटुशी माझ्याकडं ओळखपत्र घेऊन आली, त्यावर नाव होतं 'मारुती'. आणि ज्यांचं स्वतःचं नाव असायचं, त्यांचं कार्ड चार-साडेचार महिन्यांनी बंद करून नवीन नंबरानं उघडायचे, म्हणजे एकशेसाठ दिवस कधी भरायलाच नकोत. हे सगळं इतक्या वर्षांत इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की यात कुणावर अन्याय होतोय असं बायकांनाही वाटेनासं झालं होतं. मला वाटायचं. मी ओरडायची. डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, आधी स्वतःचं ब्लडप्रेशर मोजा."

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. एका सोमवारी शेवंता आली.

पंचविशीची, उंच, बोटं विलक्षण लांब. नवरा संकेश्वरकडं ऊसतोडीला गेलेला. आधीची दोन्ही मुलं पोटातच गेलेली. ती स्वतःहून आली नव्हती, शेजारणीनं ढकलून आणली होती. पायावर बोट दाबलं तर खळगा पडून तसाच राहत होता. चेहरा सुजलेला. रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला. मग लघवी परीक्षानळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. तेव्हा आमच्याकडं एवढीच प्रयोगशाळा होती, पण ती खोटं सांगत नसे.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला आजपासून झोपवून ठेवायला हवं. मीठ बंद. चार दिवसांत सूज उतरली नाही तर बेळगाव. नाहीतर झटके येतील, आई किंवा मूल, एक जाईल."

मी शेवंताला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "निजून ऱ्हायलं तर पान कोण वळणार?"

"तुझी रजा होते गं. मालकानं द्यायची."

"माझं नाव न्हाय बाई. सासूच्या नावावर हाय."

"सासूबाईंना घेऊन ये मग. त्याच सांगतील की तू वळतेस म्हणून."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "सासू मरून दोन वर्सं झाली की. तुमीच मातीला आलतासा."

खरंच होतं. हौसाबाई. दम्यानं गेली. शेवटच्या दिवसांत मीच तिला इंजेक्शनं द्यायला जात होते. आणि ही हौसाबाई दोन वर्षं दर आठवड्याला पान-तंबाखू नेत होती, कट्टे देत होती, मजुरीच्या कागदावर अंगठा उठवत होती. अंगठा शेवंताचा, नाव हौसाबाईचं. त्या हिशेबानं सातवा महिनाही हौसाबाईलाच लागला होता.

आज कुणीही विचारेल, की कार्ड नव्हतं तर तशीच का नाही नेली बेळगावला? सरकारी मोठा दवाखाना काही हाकलून देत नाही. मीही हे स्वतःला हजारदा विचारलं आहे. मी तिला म्हटलं होतं, तशीच चल, मी येते. ती नको म्हणाली. आठवडाभर पान उचललं नाही तर ठेकेदार ते कार्ड दुसरीला देणार, आणि कार्ड गेलं की घरातली चूल गेली. आंधळा सासरा होता, त्याला भाकरी करून घालणारं दुसरं कुणी नव्हतं. "आधी माझं नाव लावून द्या, मग कुटं बी येतो," एवढं तिनं धरून ठेवलं. मला ते पटलं. मला कायद्यावर फार विश्वास होता. तो विश्वास खुंटीला टांगून तिला हाताला धरून एसटीत बसवायला हवं होतं. ते मी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठेकेदाराकडं गेले. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. बसायला चटई टाकली, चहा मागवला. वागण्यात कुठं खोट नाही.

"अण्णा, शेवंताच्या अर्जावर सही पाहिजे."

"कोण शेवंता?"

"हौसाबाईची सून."

"हौसाबाई आमची जुनी कामगार हाय. सुनेचं आमाला ठावं न्हाय."

"हौसाबाई वारली अण्णा. दोन वर्षं झाली."

त्यानं हळहळून मान हलवली. "व्हय? बघा. कळलं न्हाय आमाला. मग नाव कमी कराय पायजे." आणि कारकुनाकडं बघून म्हणाला, "लिवून घे रं."

असं माझ्यादेखत तो शेवंताचं उरलंसुरलं पानही काढून घ्यायला निघाला. मी चहा न पिता उठले.

मी बेळगावच्या कामगार अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. दोन दिवसांनी पोस्टातून ट्रंककॉल लावला. तिथल्या कारकुनानं सांगितलं, साहेब दौऱ्यावर आहेत. रोज संध्याकाळी मी शेवंताच्या घरी जाऊन रक्तदाब मोजत होते. अण्णानं पान अजून तोडलं नव्हतं; ती विड्या वळतच बसलेली असायची. पोट इतकं पुढं आलेलं, की सूप मांडीवर बसायचं नाही, म्हणून ते शेजारी पाटावर ठेवून वाकडी होऊन वळायची. मी ओरडले की म्हणायची, "एवडा कट्टा झाला की निजतो बाई." सहाव्या दिवशी ती म्हणाली, डोकं लई ठणकतंय. नवव्या दिवशी म्हणाली, दोऱ्याची गाठ दोन दोन दिसतीय. मी रजिस्टराच्या पाठीमागं लागलेली, आणि तिच्या डोळ्यांपुढं अंधारी.

अकराव्या दिवशी अधिकारी जीपनं आले. धारवाडकडचे, तुटकं मराठी बोलणारे गृहस्थ. खरं सांगायचं तर मला आशा नव्हती. सीमाभागात आम्हाला कन्नड साहेबाची एक सवय झालेली होती आणि त्यांनाही आमची. पण हे गृहस्थ सरळ म्हणाले, "बाईना तिकडेच बोलवा. ठेकेदार मुंदे, त्याच्या समोरच बोलू." मी शेवंताला हळूहळू चालवत ठेकेदाराच्या ओट्यावर आणलं. सकाळची वेळ, वीस-पंचवीस बायका कट्टे घेऊन बसलेल्या.

अण्णा आता पवित्रा बदलून तयार होता. "साहेब, हौसाबाई वारली हे आमाला परवा कळलं. तिची सून आता वळत असंल. कधीपास्नं ते आमाला ठावं न्हाय. महिना झाला असंल फार तर."

म्हणजे एकशेसाठ दिवसांचा प्रश्नच मिटला. साहेबांनी बायकांकडं पाहिलं. "तुम्ही सांगा. किती दिवस?" एकही बोलेना. उद्या त्यांना याच ओट्यावरून पान न्यायचं होतं. साहेबांनी चेकरकडं बोट केलं. "इवळु यारु? ही कोण? ओळखता?"

चेकर साठीकडं झुकलेला, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला, जिभेचा कडू माणूस. त्यानं अण्णाकडं पाहिलं आणि म्हणाला, "न्हाय साहेब. बाया लई. कुणाकुणाला ध्यानात ठिवायचं?"

मला त्या क्षणी काय सुचलं कोण जाणे. त्याची एक बढाई सगळ्या निपाणीत माहीत होती. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही तर म्हणे कट्टा हातात घेऊन बाईचं नाव सांगता. का ते उगीच? डोळे झाकून छाट काढता, असंच ना?"

"कोण म्हणतंय?" तो ताडकन म्हणाला. "चाळीस वर्सं घालिवल्यात या हातांनी."

"मग दाखवा की साहेबांना."

साहेबांना काय चाललंय ते पुरतं कळलं नसावं, पण त्यांनी मान हलवली. सात-आठ बायकांचा एकेक कट्टा, त्यात शेवंतानं आणलेलाही, घेऊन मी ते सुपात कालवले. अण्णा म्हणाला, "हे काय खेळ लावलाय?" पण चेकर पुढं सरकला होता. त्यानं पहिला कट्टा उचलला, बुडाकडून बघितला, तोंडाकडून अंगठा फिरवला.

"ही गंगू. हिची विडी डावीकडं पिळती, डावरी हाय." कट्टा बाजूला. "ही तानी. तंबाखू राखून भरतीया, चोरटी." बायका खुदकल्या. "ही आक्काताईची थोरली." चौथा कट्टा त्यानं घेतला आणि जरा हातात धरून ठेवला. "ह्यो बगा साहेब. असा हात अख्ख्या निपाणीत न्हाय. पंचवीसच्या पंचवीस एका मापाच्या. ह्या कट्ट्यातली छाट काडाय मला लाज वाटती. ही शेवंता."

साहेब म्हणाले, "कोण शेवंता?"

चेकरनं चष्मा काढला. अण्णाकडं पाहिलं, मग भिंतीला टेकून कशीबशी उभ्या असलेल्या तिच्याकडं पाहिलं.

"हीच," तो म्हणाला. "सात वर्सं वळतीया. म्हातारीचा हात जाड हुता, तिची विडी बुडाला ढिली. म्हातारी हुती तवा बी निम्मे कट्टे हिचेच हुते. मला ठावं हाय. मीच बगितल्यात."

साहेबांनी तिथंच बसून जबाब लिहून घेतला. अण्णाला सही करावी लागली, नाव लावावं लागलं, रजा मंजूर करावी लागली. चेकरला त्या आठवड्यात कामावरून काढलं. मला तो माणूस कधी आवडला नव्हता. त्यानं जन्मभर माझ्या आईसारख्या बायकांच्या विड्या मोडल्या. पण खरं बोलला म्हणून त्याचं काम गेलं आणि मी त्याच्यासाठी काही करू शकले नाही, हे मी लिहून ठेवते.

कागदावरची शाई वाळायच्या आत शेवंता खाली बसली. म्हणाली, "बाई, काय दिसंना." साहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली आणि मला म्हणाले, "जीप घेऊन जा. मी बसनं येतो." आम्ही तिला मागच्या बाकावर आडवी केली. शेजारीण तिच्या सासऱ्याजवळ थांबली. संकेश्वर मागं पडलं आणि तिला पहिला झटका आला. मी पदराची गुंडाळी करून दातांत घातली, तिला कुशीवर वळवलं, धरून राहिले. रस्त्यावर उसाच्या गाड्या. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. काकतीजवळ दुसरा झटका आला.

बेळगावच्या दवाखान्यात त्यांनी तिला लगेच आत घेतलं. कार्ड कुणी मागितलंच नाही. ते माझ्या पिशवीत होतं, कोरं करकरीत.

मुलगी झाली. रडली नाही. शेवंता चौथ्या दिवशी शुद्धीवर आली आणि जगली. तिला सांगायचं काम माझ्याकडंच आलं. तिनं विचारलं, "बोटं कशी हुती?" मी म्हटलं, "तुझ्यासारखी." मग ती भिंतीकडं तोंड करून निजली.

पंधरा दिवसांनी आम्ही रजेची मजुरी मागायला ओट्यावर गेलो. मला वाटलं होतं आता वाद उरला नाही. अण्णानं तोंडभर सहानुभूती दाखवली. "लई वाईट झालं. पर शिस्टर, रजा बाळंतपणाची असती. मूल न्हाय, तर बाळंतपण कसलं?"

मी कायदा काढला. मूल जगलं पाहिजे असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही, असं सांगू लागले. आवाज चढला. त्याचाही चढला. तो म्हणाला, "तुमी सरकारी माणसं पोराबाळाचा बी धंदा करतासा." संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा शेवंता पुढं झाली. आजवर ती त्याच्यासमोर मान वर करून बोलली नव्हती. तिनं छातीवरचा पदर बाजूला केला. चोळी पुढून ओली होती.

"अण्णा, मूल न्हाय ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "पर ह्ये थांबंना. सकाळपास्नं तीनदा चोळी बदलली. आता तुमीच ह्याला सांगा, बाळंतपण झालं न्हाय म्हणून."

कट्टे मोजायला बसलेल्या बायकांतली एक उठली. मग दुसरी. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. अण्णानं तोंड फिरवलं आणि कारकुनाला म्हणाला, "दे रं तिचं. घे अंगठा."

कारकुनानं कागद पुढं केला. शेवंतानं अंगठा शाईला लावला आणि थांबली. "आदी वर काय लिवलंय ते वाचा."

त्यानं वाचलं. तिचं नाव होतं. मग तिनं अंगठा उठवला.

पुढच्या सोमवारी दवाखान्याच्या पायऱ्या बायकांनी भरलेल्या होत्या. कुणी जावेच्या नावावर, कुणी भावाच्या, एक तर शेजारणीच्या. मी अर्ज लिहीत बसले. पुढं बायकांची संघटना झाली, मोर्चे निघाले, बरीच नावं लागली. सगळ्यांची लागली नाहीत. अण्णानं निम्मं पान दूरच्या खेड्यांकडं वळवलं, जिथं अर्ज लिहिणारं कुणी नव्हतं, आणि इथल्या काही बायका त्याबद्दल मला अजून बोल लावतात. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

शेवंतानं बाळंतपणानंतरची सहा आठवड्यांची रजा घेतली. कायद्यानं दिली ती सगळी. एका दुपारी मी तिला बघायला गेले. ती चटईवर पडून होती, सूप भिंतीला उभं केलेलं. पायाची सूज पार उतरली होती, रक्तदाब अगदी नीट. मी म्हटलं, "बघ, विश्रांतीनं किती फरक पडला."

ती छताकडं बघत म्हणाली, "व्हय बाई. एवडंच करायचं हुतं न्हवं?"